मोती, गॅस आणि आपली एक्सेल शीट



दोह्याच्या नॅशनल म्युझियमच्या संग्रहात एक गालिचा आहे. म्युझियम २०१९ मध्ये उघडलं तेव्हापासून तिथे जाणारा प्रत्येक जण त्याच्यासमोर दोन मिनिटं तरी थांबतो. रेशीम आणि हरणाचं कातडं यांवर सुमारे पंधरा लाख बारीक मोती ओवलेले. मोती इथले, म्हणजे आखातातले. पण हा गालिचा करवून घेतला कोणी? आपल्या बडोद्याच्या खंडेराव महाराज गायकवाडांनी, साधारण १८६५ च्या सुमाराला. तो मदिनेला अर्पण करायचा त्यांचा मानस होता. ते राहून गेलं, गालिचा बडोद्यातच राहिला आणि पुढे बऱ्याच प्रवासानंतर २००९ मध्ये दोह्यातच झालेल्या लिलावात सुमारे ५५ लाख डॉलरला विकला गेला. म्हणजे इथल्या समुद्रातून निघालेला माल दीडशे वर्षांची फेरी मारून परत इथेच आला!

आपल्या आजीच्या नथीतले 'बसऱ्याचे मोती' सुद्धा याच पाण्यातले बरं का. बसरा हे बाजारपेठेवरून पडलेलं नाव. मोती काढणारा माणूस होता कतारचा, बहारीनचा, नाहीतर आजच्या अमिरातीतल्या किनाऱ्यावरचा.

हे सगळं आज लिहायचं कारण वेगळंच आहे. इथे चार मराठी माणसं जेवायला जमली की हल्ली गाडी फिरून फिरून एकाच स्टेशनात शिरते. "पुरे झाली नोकरी, पुण्याला जाऊन स्वतःचं काहीतरी सुरू करू." कुणाच्या मनात सॉफ्टवेअर कंपनी असते, कुणाच्या कृषी पर्यटन, कुणाच्या फ्रोजन पुरणपोळ्या. एक्सेल शीट तयार असते, पाच वर्षांचे आकडे भरलेले असतात. पण "तुझं बिझनेस मॉडेल काय?" असं विचारलं की उत्तर बहुतेक वेळा प्रॉडक्टचं मिळतं. काय विकणार आणि केवढ्याला विकणार, एवढंच. पैसा आधी कोण घालणार, धंदा बुडाला तर कोण बुडणार आणि भाव कोणाच्या हातात असणार, हे त्या शीटमध्ये कुठल्याच कॉलममध्ये नसतं.

आपण ज्या देशात नोकरी करतो त्या देशाने गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत दोन अगदी वेगळी बिझनेस मॉडेल्स चालवून पाहिली. एक पूर्ण कोसळलं, दुसऱ्याने देश उभा केला. एमबीएच्या पुस्तकातल्या केस स्टडीज बाजूला ठेवून ही घरासमोरची केस स्टडी बघावी, म्हणून हा खटाटोप. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

पहिलं मॉडेल : मोती

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जे. जी. लॉरिमर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने आखाताचं मोठं गॅझेटियर तयार केलं. त्यातल्या आकड्यांप्रमाणे कतारची वस्ती तेव्हा सुमारे २७,०००. मोत्यांच्या नावा ८०० हून जास्त, आणि त्यांवर काम करणारी माणसं जवळजवळ १३,०००. म्हणजे बायका, म्हातारे आणि तान्ही पोरं धरून जेवढी वस्ती, त्यातली निम्मी माणसं उन्हाळ्यात समुद्रावर. एका देशाचा एकच धंदा, आणि त्या धंद्याचा वर्षातून एकच हंगाम. साधारण जून ते सप्टेंबर.

नावेचा मुख्य तो 'नाखुदा'. आपल्या कोकणातला कोळ्यांचा 'नाखवा' तो हाच शब्द, मूळ फारसी. त्याच्या हाताखाली बुडी मारणारा तो 'घैस', त्याचा दोर धरून वर ओढणारा तो 'सैब'. शिवाय हाताखालची पोरं, आणि मोठ्या नावेवर गाणी म्हणून सगळ्यांचा हुरूप टिकवणारा एक गायक. नाकाला चिमटा, पायाला दगड, गळ्यात जाळीची पिशवी, एवढ्या सामग्रीवर माणूस तळाला जायचा आणि श्वास संपत आला की दोराला हिसका द्यायचा. दिवसाकाठी अशा कित्येक डझन बुड्या. कान आणि डोळे कायमचे अधू व्हायचे.

आता यातलं अर्थकारण बघा. या धंद्यात पगार नव्हता. सगळा कारभार हिश्श्यांवर. हंगामाचा माल विकला की आधी खर्च वजा, मग नावेचा वाटा वजा, आणि उरलेल्याचे हिस्से. सर्वसाधारण रीत अशी की बुडी मारणाऱ्याला तीन हिस्से, तर दोर ओढणाऱ्याला दोन. आजच्या भाषेत सांगायचं तर 'फिक्स्ड कॉस्ट झिरो', आणि सगळे इक्विटीवर. कागदावर कसं छान वाटतं ना? प्रत्येक जण भागीदार!

पण चार महिने घरी काय खायचं? आणि हंगाम संपल्यावर उरलेले आठ महिने? इथे येते उचल. अरबीत तिला 'सलफ' म्हणत. हंगामाआधी नाखुदा बुडी मारणाऱ्याला पैसे आगाऊ द्यायचा, म्हणजे घरात तांदूळ, खजूर भरून ठेवता यावेत. आपल्या बीड-नगरकडच्या मंडळींना हे वेगळं समजावून सांगायला नको. ऊसतोडीला जाणारं जोडपं मुकादमाकडून उचल घेतं आणि मग कोयता घेऊन कारखान्यावर जातं, ती हीच रीत. नाखुदा म्हणजे मुकादमच, फक्त उसाच्या जागी शिंपले.

नाखुदाकडे तरी पैसा कुठून यायचा? तो व्यापाऱ्याकडून उचल घ्यायचा. मोत्यांच्या व्यापाऱ्याला 'तवाश' म्हणत. तवाश त्याच्याहून मोठ्या व्यापाऱ्याकडून घ्यायचा, आणि ही साखळी जाऊन पोचायची ती थेट मुंबईच्या बाजारात. पैसा वरून खाली यायचा आणि मोती खालून वर जायचे. प्रत्येक पायरीवर वरचा माणूस खालच्याचा माल, आपल्याच पैशाने बांधलेला असल्यामुळे, आपण ठरवू त्या भावाने घ्यायचा.

आता हंगाम वाईट गेला तर? मोती कमी मिळाले तर हिस्सा कमी, पण उचल मात्र तेवढीच डोक्यावर. ती पुढच्या वर्षी ओढली जायची. पुढच्या वर्षी जगायला पुन्हा नवीन उचल. असं करता करता माणूस जन्मभर एकाच नाखुदाचा होऊन जायचा. बऱ्याच ठिकाणी तो मेला तर कर्ज भावावर किंवा मुलावर यायचं. दुसऱ्या नावेवर जायचं तर आधीच्या नाखुदाचा कर्जाचा कागद लागायचा, आणि नवीन नाखुदाने ती रक्कम भरायची. इथे २०२० च्या आधीपासून असलेल्या मंडळींना नोकरी बदलताना लागणारी एनओसी आठवली असेल. :-)

शिवाय बुडी मारणाऱ्यांत पूर्व आफ्रिकेतून आणलेले गुलामही पुष्कळ होते. त्यांचा हिस्सा त्यांच्या मालकाच्या खिशात जायचा. कतारमध्ये गुलामगिरी कायद्याने बंद झाली ती १९५२ मध्ये. मुशैरिबमधल्या बिन जल्मूद हाउस या म्युझियममध्ये हा इतिहास न लपवता मांडला आहे, जरूर बघा.

थोडक्यात, नफ्याची वाटणी हिश्श्याने व्हायची, पण नुकसान मात्र हिश्श्याने वाटलं जात नव्हतं. ते कर्जाच्या रूपाने खाली खाली झिरपत जायचं आणि सगळ्यात तळाच्या माणसाच्या वहीत साठायचं. ती वहीही त्याच्याकडे नव्हती, आणि असती तरी त्याला वाचता येत नव्हती. बहारीनमध्ये १९२० च्या दशकात ब्रिटिशांच्या आग्रहाने ज्या सुधारणा झाल्या, त्यांतली एक मुख्य सुधारणा काय होती माहीत आहे? प्रत्येक बुडी मारणाऱ्याला त्याच्या खात्याची स्वतंत्र वही द्यायची. बस, एवढंच! आणि त्यावरसुद्धा खळबळ माजली.

भाव मुंबईत, माल दोह्यात

मोती दोह्यात निघायचा, पण त्याची किंमत ठरायची मुंबईत. तिथे त्याची प्रतवारी व्हायची, त्याला भोक पाडलं जायचं, माळा ओवल्या जायच्या, आणि मग तो पॅरिस, लंडन, न्यूयॉर्कला जायचा. मोती तोलायची, किंमत काढायची पद्धतही मुंबईची. इतकंच काय, आखाताच्या या किनाऱ्यावर चलन म्हणूनसुद्धा आपला रुपयाच चालायचा. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या आणि १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं तेव्हा कतारने रुपया सोडला. म्हणजे ज्यांचे आजोबा मुंबईत रुपयात पगार घेत होते, त्याच रुपयात इथला नाखुदाही हिशोब करत होता.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोत्याचे भाव गगनाला भिडले होते. जाक कार्टिए १९११ मध्ये स्वतः आखातात येऊन गेला. १९१७ मध्ये कार्टिए कंपनीने न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवरची एक आख्खी इमारत घेतली ती शंभर डॉलर आणि मोत्यांच्या एका दुपदरी माळेच्या बदल्यात. माळेची किंमत तेव्हा दहा लाख डॉलर धरली होती! आजही ती इमारत त्यांच्याकडे आहे. आणि ती माळ? १९५७ मध्ये लिलावात निघाली तेव्हा तिला दीड लाख डॉलरच्या आसपास किंमत आली. या दोन आकड्यांच्या मध्ये जे घडलं, त्यात कतार होरपळून निघालं.

घडलं ते जपानात. मिए प्रांतातल्या तोबा गावच्या कोकिची मिकिमोतो या गृहस्थाने, ज्याच्या वडिलांचं नूडल्सचं दुकान होतं, १८९३ मध्ये शिंपल्यात मुद्दाम कण घालून अर्धगोल मोती तयार करून दाखवला. पुढे जपानी संशोधकांना पूर्ण गोल मोतीही साधला. १९२० च्या सुमाराला हे मोती लंडन-पॅरिसच्या बाजारात आले. आधी जव्हेऱ्यांनी "हे खोटे मोती" म्हणून ओरड केली, कोर्टकचेऱ्या झाल्या. पण ते खोटे नव्हतेच. शिंपल्यानेच बनवलेले होते, फक्त माणसाच्या सांगण्यावरून. गिऱ्हाइकाला बाहेरून बघून फरक कळेना. त्यात १९२९ ची मंदी आली आणि चैनीची खरेदीच थांबली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. धंद्याला पर्यायी माल येणं ही जगात नवलाची गोष्ट नाही. तसे धक्के पचवणारे धंदे असतात. मग मोत्यांचा धंदा सावरला का नाही? कारण धक्का पचवायला कुणाकडेच गादी शिल्लक नव्हती. घैसकडे शिल्लक नाही, कारण तो कर्जात. नाखुदाकडे नाही, कारण त्याचा पैसा घैसच्या वहीत अडकलेला. तवाशचा पैसा नाखुदाकडे अडकलेला. सगळ्यांची मालमत्ता म्हणजे दुसऱ्याकडून येणं, आणि ते येणं फिटणार ते फक्त मोत्याच्या भावावर. भाव पडला त्या दिवशी वरपासून खालपर्यंत सगळ्या वह्या एकदम कोऱ्या झाल्या.

त्यानंतरची वर्षं कतारमध्ये उपासमारीची म्हणून आठवली जातात. माणसं सौदीत गेली, बहारीनला गेली. १९४० च्या दशकाच्या शेवटी कतारची वस्ती सुमारे १६,००० वर आल्याचा अंदाज आहे. आपण ज्या कॉर्निशवर संध्याकाळी फिरायला जातो, तिथल्या किनाऱ्यावर नावा ओढून ठेवलेल्या आणि माणसं निघून गेलेली, असं ते चित्र.

मधला टप्पा : तेल

१७ मे १९३५ ला शेख अब्दुल्ला बिन जासिम यांनी अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनीशी तेलाचा करार केला. सहीच्या वेळी चार लाख रुपये, मग ठराविक वार्षिक रक्कम, आणि तेल निघालं तर टनामागे तीन रुपये. हो, रुपयेच! आजचे आकडे डोळ्यासमोर ठेवून हसू येईल, पण त्या घडीला खजिना रिकामा होता. दुखानला तेल लागलंही, पण महायुद्धामुळे विहिरी बंद कराव्या लागल्या आणि पहिलं तेल परदेशी गेलं ते १९४९ संपता संपता.

या कराराचं मॉडेल साधं होतं. जोखीम कंपनीची, नफ्यातला मोठा वाटाही कंपनीचा, जमिनीच्या मालकाला रॉयल्टी. उपाशी माणूस घासाघीस करू शकत नाही, हे यात दिसतं. असो.

दुसरं मॉडेल : गॅस

१९७१ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्याच्याच वर्षी, शेल कंपनीला कतारच्या उत्तरेला समुद्राखाली एक प्रचंड साठा सापडला. आनंद झाला का? फारसा नाही. कारण तेल अपेक्षित होतं आणि निघाला गॅस. तेल पिंपात भरून कुठेही नेता येतं. गॅस न्यायचा तर पाइपलाइन हवी, आणि इथून गिऱ्हाईक हजारो किलोमीटर लांब. दुसरा मार्ग म्हणजे तो उणे १६२ अंशांपर्यंत थंड करून द्रव करायचा, म्हणजे आकारमान सुमारे ६०० पट कमी होतं. पण त्याला लागणारा कारखाना, खास जहाजं, पलीकडच्या बंदरातलं टर्मिनल, सगळं मिळून खर्च अब्जावधी डॉलर. आणि यातली एक कडी नसेल तर बाकी सगळं भंगार.

म्हणजे मोत्यांच्या अगदी उलट परिस्थिती. मोती आधी काढायचा आणि मग गिऱ्हाईक शोधायचं. इथे गिऱ्हाईक सापडल्याशिवाय पहिली वीटसुद्धा रचता येत नव्हती. कतारगॅस कंपनी १९८४ मध्ये स्थापन झाली, पण पहिलं जहाज निघायला बारा वर्षं लागली. मधल्या काळात बीपीसारखा बडा भागीदार सोडून गेला. अखेर १९९२ मध्ये जपानच्या चुबू इलेक्ट्रिकने वर्षाला ४० लाख टन, २५ वर्षं, असा करार केला. १९९६ च्या डिसेंबरमध्ये रास लफानहून पहिलं जहाज सुटलं आणि जानेवारी १९९७ मध्ये जपानच्या कावागोए बंदरात पोचलं. गंमत बघा, कावागोए हे गाव मिए प्रांतातलं. ज्या प्रांतातल्या मिकिमोतोने कतारचा मोती बुडवला, त्याच प्रांताने कतारचा पहिला गॅस घेतला. इतिहासालाही विनोदबुद्धी असते!

करारातलं मुख्य कलम म्हणजे ज्याला 'टेक ऑर पे' म्हणतात ते. माल घ्या नाहीतर घेऊ नका, ठरलेल्या प्रमाणाचे पैसे मोजा. आणि भाव? तो तेलाच्या भावाशी बांधलेला. म्हणजे जोखमीचे सरळ दोन वाटे झाले. किती माल खपेल ही जोखीम घेणाऱ्याची, काय भाव मिळेल ही जोखीम विकणाऱ्याची. कुणी एकटा सगळं अंगावर घेत नाही, आणि कोणाच्या अंगावर काय आहे हे पहिल्या दिवसापासून कागदावर लिहिलेलं आहे. सही करणाऱ्या दोघांनाही वाचता येतं!

या कागदाच्या जोरावरच पैसा उभा राहिला. १९९५ मध्ये कोरियाच्या कोगॅसने रासगॅसशी २५ वर्षांचा करार केला आणि त्या आधारावर १९९६ मध्ये रासगॅसने बाँड विकून १२० कोटी डॉलर उभे केले. कर्ज इथेही होतंच, आणि भरपूर होतं. १९९८ मध्ये तेल दहा डॉलरच्या आसपास घसरलं तेव्हा कतारला घाम फुटला असणार. फरक एवढाच की या कर्जाची परतफेड एका हंगामाच्या नशिबावर नव्हती. २०१० च्या अखेरीस वर्षाला ७.७ कोटी टनांची क्षमता गाठली गेली. आपल्यापैकी बरेच जण त्यानंतरच्याच भरभराटीत इथे आलो.

तेच कलम, गुहागरला

"म्हणजे लांबचा करार आणि टेक ऑर पे केलं की झालं" असं कुणाला वाटत असेल तर त्याने जरा आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात जाऊन यावं. गुहागर तालुक्यातला एन्रॉनचा दाभोळ प्रकल्प आपल्या पिढीने कॉलेजात असताना पेपरात रोज वाचलाय. १९९३ मध्ये महाराष्ट्र राज्य वीज मंडळाशी करार झाला. तत्त्व तेच की वीज उचला नाहीतर उचलू नका, ठराविक आकार द्यायचाच. तोही डॉलरशी बांधलेला. १९९५ मध्ये नवीन सरकारने प्रकल्प रद्द केला, मग पुन्हा वाटाघाटी झाल्या, १९९९ च्या मे महिन्यात नाफ्थ्यावर वीज सुरू झाली आणि २००१ च्या मे महिन्यात बंद पडली. त्याच डिसेंबरात अमेरिकेत एन्रॉनने दिवाळं काढलं.

राजकारण, भ्रष्टाचाराचे आरोप, सगळं त्यात होतं आणि त्यावर भांडायला आपण तयारच असतो. पण निव्वळ मॉडेल म्हणून बघा. जपानी कंपनीला गॅस घेऊन, वीज करून, बिल वसूल करता येत होतं. आपलं वीज मंडळ चोरीची, बिनमीटरची वीज सोसत होतं. रुपया घसरला, नाफ्था महागला आणि सगळा भार अशा गिऱ्हाइकावर आला ज्याच्याकडे तो पुढे ढकलायला जागाच नव्हती. जोखीम कागदावर टाकली म्हणजे ती पेलली जाते असं नाही. ज्याच्या खांद्यावर टाकली त्याचा खांदा मोडला की ती टाकणाऱ्याच्याच अंगावर परत येते. दोह्याच्या तवाशला हे १९३० मध्ये कळलं, एन्रॉनला २००१ मध्ये.

याच्या उलट उदाहरणही आपलंच आहे. भारताच्या पेट्रोनेट कंपनीने १९९९ मध्ये रासगॅसशी वर्षाला ७५ लाख टनांचा २५ वर्षांचा करार केला. २००४ च्या जानेवारीत गुजरातेत दहेजला पहिलं जहाज लागलं. पुढे २०१५ मध्ये तेलाचे भाव कोसळले, पण करारातलं सूत्र जुन्या सरासरीवर चालत असल्यामुळे पेट्रोनेटला बाजारभावाच्या जवळजवळ दुप्पट पैसे पडायला लागले. पेट्रोनेटने माल कमी उचलला. करारानुसार दंड बसणार होता सुमारे १२,००० कोटी रुपये. कतार तो वसूल करायला कोर्टात जाऊ शकत होतं. त्याऐवजी २०१५ च्या शेवटच्या दिवशी नवीन सही झाली. सूत्र बदललं, दंड माफ झाला, आणि बदल्यात भारताने वर्षाला आणखी दहा लाख टन घ्यायचं कबूल केलं. नंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये हाच करार २०२८ पासून पुढे २० वर्षांसाठी वाढवला गेला. बुडणाऱ्या गिऱ्हाइकाचा गळा धरण्यापेक्षा त्याला तरंगत ठेवणं फायद्याचं असतं, हा हिशोब नाखुदाने कधी केला नव्हता.

आता आपल्या शीटकडे

एवढं पुराण ऐकवल्यावर आपल्यासाठी त्यातून काय निघतं ते सांगून आवरतं घेतो. समजा, पुण्याला परत जाऊन दहा माणसांची सॉफ्टवेअर कंपनी काढायची आहे आणि पहिलं काम इथल्याच ओळखीच्या क्लायंटचं मिळणार आहे. मग हे चार प्रश्न शीटच्या पहिल्या पानावर लिहावेत असं मला वाटतं.

१. उचल कोणाची? म्हणजे पहिलं वर्ष कोणाच्या पैशावर? स्वतःच्या शिलकीवर असेल तर ती संपली की काय, हे आधी ठरलेलं हवं. घर तारण ठेवून असेल तर ती सलफच आहे आणि वही घरच्यांच्या नावावर चढणार आहे. नवरा-बायको दोघांनीही ती वही वाचलेली असावी.

२. भाव कुठे ठरतो? क्लायंट एकच असेल तर तो आपली मुंबई आहे. आपण कितीही खोल बुडी मारली तरी मोत्याची किंमत तोच सांगणार. फिक्स्ड बिड घेतलं तर कामाचा अंदाज चुकण्याची जोखीम आपली, टाइम अँड मटेरियल घेतलं तर त्याची. आयटीवाल्यांना हे माहीत असतं, पण पहिलं काम मिळतंय म्हणून आपण दोन्हीकडची जोखीम हसत हसत अंगावर घेतो.

३. ज्याच्यावर जोखीम टाकली त्याला ती पेलेल का? "तुला पगार कमी, पण कंपनीत हिस्सा देतो" असं पहिल्या चार पोरांना सांगताना घैस आठवावा. तीन हिस्से ऐकायला छान वाटतात. पण त्याच्या घरात आठ महिने तांदूळ कुठून येणार, हा प्रश्न त्याचा नाही, आपला आहे. तो कर्जात गेला की आधी तो जाईल आणि मागोमाग आपण.

४. मिकिमोतो आला तर? तो येणारच. आपल्या धंद्यात तर तो दर पाच वर्षांनी येतो. नेमका कोण आणि कधी, हे कुणालाच सांगता येत नाही. पण तो आल्यावर सहा महिने तग धरता येईल एवढं कोणाकडे तरी शिल्लक आहे का, आणि करार तुटण्याऐवजी वाकेल असा लिहिलाय का, एवढं आज तपासता येतं.

यात प्रॉडक्टबद्दल एकही प्रश्न नाही, हे मुद्दाम. मोती हा जगातला अप्रतिम माल होता. गॅसला रंग नाही, वास नाही, नथीत घालता येत नाही. तरी एक बुडाला आणि एक तरला. दोन्हीच्या मागे होती ती माणसांतली वाटणी, आणि ती वाटणी लिहून काढायला एका कागदापेक्षा जास्त जागा लागत नाही.

ज्यांचं परतायचं नक्की होत आलंय त्यांनी आपापला तो एक कागद लिहून बघावा, आणि जमलं तर सगळ्यांना दाखवावा. लेखातल्या गोष्टींवर मतभेद असतील तर जरूर कळवा, विशेषतः दाभोळवर असणारच. :-)

चूभूद्याघ्या.

लोभ आहे तो वाढावा,
तुमच्यातलाच एक, दोहा

ता. क. : मुशैरिबमध्ये बिन जल्मूद हाउसच्या जवळच कंपनी हाउस नावाचं म्युझियम आहे, तेलाच्या सुरुवातीच्या काळातल्या कामगारांचं. पोरांना घेऊन जा. आपले आईबाबा सकाळी उठून नेमकं कशासाठी ऑफिसला जातात, याचं निम्मं उत्तर त्यांना तिथे मिळेल.